घाटावरचे अंगण, घाटाखालचे अंगण

मृग लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत आठवडी बाजाराच्या कडेला रोपांची गाडी उभी राहते. केशर आंबा, ॲपल बोर, ‘बारमाही’ लिंबू, ‘थायलंडचा’ फणस, मियाझाकी, आणि प्रत्येक रोपाच्या गळ्यात फळाचा चकचकीत फोटो. घेणारा विचारतो, ‘फळ कधी येईल?’ विकणारा सांगतो, ‘दोन वर्षांत.’ माती कोणती, पाणी कुठले, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर येते, हे घेणाराही सांगत नाही आणि विकणाराही विचारत नाही. आपल्याकडच्या अंगणांत पाच वर्षांनी जे उभे दिसते आणि जे दिसत नाही, त्याची बरीचशी कारणे या न विचारलेल्या प्रश्नांत आहेत.

जिल्हा दोन मजली आहे. अजिंठ्याच्या रांगेने त्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, तर शेगाव-खामगाव तीनशेच्या आसपास. दर शंभर मीटरला पाऊण अंशाहून थोडे कमी तापमान घटते असे धरले, तरी वरच्या आणि खालच्या अंगणात दोन अंशांचा फरक राहतो. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना हे दोन अंश कोवळ्या पालवीला पुष्कळ असतात. पाऊस दोन्हीकडे वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत उरकणारा. पुढचे आठ महिने झाडाचे आणि बादलीचे.

मातीचा फरक तापमानाहून मोठा. घाटावर पुष्कळ ठिकाणी हातभर माती आणि खाली मुरूम किंवा काळा पाषाण. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती इतकी खोल, की विहीर खणतानाच तिचा तळ दिसतो, आणि त्यातच खारपाणपट्टा. अगदी उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याची निचऱ्याची जमीन आहे. तिथे संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. म्हणजे एकाच तालुक्यात वरच्या गावाला संत्री आणि थोडे दक्षिणेला खाऱ्या विहिरी. ‘बुलढाण्यात काय येते?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

या उतरंडीचा नमुना पाहायचा तर लोणारला जावे. पावणेदोन किलोमीटरहून अधिक व्यासाचे ते विवर उल्का आदळून झाले, 2020 साली ते रामसर स्थळ ठरले, त्याच वर्षी पाणी गुलाबी झाले, हे सगळ्यांनी वाचले आहे. झाडे लावणाऱ्याने तिथे वेगळी गोष्ट पाहावी. तळ्याचे पाणी इतके अल्कधर्मी, की त्याचा सामू दहाच्या घरात जातो. मात्र काठावरच्या धारेचे पाणी गोड. जुन्या वर्णनांत विवराच्या आत झाडांची वलये सांगितलेली आहेत: बाहेरून शिंदी, मग चिंचेचा पट्टा, पाण्याच्या बाजूला बाभूळ आणि शेवटी काहीच न उगवणारा चिखल. गोड्या झऱ्यांच्या भरवशावर उतारावर पूर्वी केळी-पपईही होत असे. अभयारण्य झाल्यावर ती शेती थांबली. मधल्या काळात वेडी बाभूळ घुसली आणि वलयांचा हिशेब बिघडला, तरी मुद्दा उरतोच. क्षार जसे वाढत जातात तशी झाडे बदलत जातात, आणि कोण कुठे टिकते हे तिथे कोणी लावून ठरवलेले नाही.

आता घाटाखाली उतरू, कारण खरी अडचण तिथे आहे आणि सल्ला सर्वांत कमी तिथेच मिळतो. खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरला आहे. भूगर्भातले पाणी खारट, पिण्याला तर नकोच. म्हणून जळगाव जामोद-संग्रामपूर भागासाठी वान धरणावरून 140 गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली. माणसांना नळाचे पाणी आले, झाडांच्या वाट्याला मात्र बहुतेक घरी बोअरचेच येते. या पाण्यातला सोडियम मातीत साठतो, चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि जमीन चोपण होते. पावसात वर पाणी तुंबते, खाली मुळे गुदमरतात; उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी आवळते. पानांच्या कडा आधी तपकिरी होतात, मग आतपर्यंत करपतात. लोक म्हणतात, ‘उन्हानं जळलं.’ ऊन असतेच, पण तसेच ऊन खामगावच्या टेकडीकडच्या अंगणातही असते आणि तिथला लिंबू हिरवा असतो.

अशा जमिनीत आंबा, संत्रा, मोसंबी, लिंबू ही नाजूक मंडळी. ती लावून हौस फिटत नाही, पैसे मात्र जातात. बोर, आवळा, कवठ, बेल, विलायती चिंच ही सोसणारी. पेरू, म्हणजे आपल्याकडचा जाम, आणि चिकू बऱ्यापैकी निभावतात. हरियाणात कर्नालला मृदा लवणता संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तिथल्या आणि उत्तर प्रदेशातल्या चोपण जमिनींवरच्या कामातून आवळा, बोर, बेल हीच नावे पुन्हा पुन्हा पुढे आली. फुलझाडांत कडुनिंब, करंज, देवचाफा. करंजाला कोणी शोभेचे झाड म्हणत नाही, हे त्याचे दुर्दैव. चैत्रात त्याची पोपटी पालवी आली की शेजारचा अशोक फिका दिसतो, आणि फुलांवर मधमाश्या दिवसभर असतात.

चोपण जमिनीत खड्डा करून झाड लावणे हीच चूक, असे माझे मत आहे. खड्डा म्हणजे पावसाळ्यात पाण्याचे टाके. त्यापेक्षा दीड-दोन फूट उंचीचा, चार-पाच फूट रुंदीचा ओटा करावा, त्यात चांगली माती, शेणखत, पालापाचोळा घालावा आणि झाड वर बसवावे. माती तपासून सामू साडेआठच्या वर निघाला तर जिप्सम लागतो. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकते. पण हुसकलेला सोडियम वाहून जायला गोडे पाणी आणि उतार दोन्ही हवेत, नाहीतर तो तिथेच राहतो. ही शेवटची अट दुकानदार सांगत नाही. तपासणी कृषी विभागाच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात होते. ती अंगणासाठीही करून घेता येते, हे फार थोड्यांच्या मनात येते. जोडीला बोअरच्या पाण्याचाही नमुना द्यावा.

गोडे पाणी आणायचे कुठून? छपरावरून. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटरच्या आसपास पाणी होते. गळती, बाष्प, पहिल्या पावसाची धूळ वजा केली तरी पन्नास हजार. एवढे साठवायला टाके परवडत नाही हे खरे, पण साठवायचीच गरज नाही. पन्हळीचे तोंड सरळ झाडांच्या आळ्यांकडे वळवले तर पावसाळ्याचे चार महिने मुळांभोवतीचे क्षार धुतले जातात. खारपट्ट्यात झाडाला याहून मोठी मदत मला ठाऊक नाही. उलट, घरातल्या आरओ यंत्राचे बाहेर पडणारे पाणी ‘वाया कशाला’ म्हणून कुंडीत ओतायची सवय पसरली आहे. त्या पाण्यात मूळच्या पाण्याहून जास्त क्षार असतात. त्याने फरशी धुवावी.

न्हाणीच्या पाण्याचे निराळे. वऱ्हाडात न्हाणीमागे केळी, कर्दळ, अळू हे त्रिकूट पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ते शहाणपणाचे आहे. माणशी एक बादली धरली तरी चौघांच्या घरातून रोज साठ लिटर पाणी निघते. उन्हाळ्यात लहान झाडाला आठवड्याला तीस-चाळीस लिटर पुरतात. हिशेब सरळ आहे. फक्त कपडे धुण्याची पावडर आणि फरशीचे ॲसिड त्या पाण्यात जाऊ नये, आणि एकाच झाडाच्या बुडाशी रोज ते ओतू नये. नारळ याच पाण्यावर आपल्याकडे तग धरतो. कोकणातल्यासारखा लगडत नाही. कोरड्या वाऱ्याने पानांची टोके वाळतात, बोंड्या गळतात, तरी देवाला फोडण्यापुरते नारळ मिळतात. ज्याला एवढ्यात समाधान आहे त्याने तो लावावा, विजेच्या तारेपासून लांब.

घाटावर प्रश्न उलटा. पाणी गोड पण तुटपुंजे, जमीन निचऱ्याची पण उथळ. मुरमात तीन फूट खड्डा घेतला आणि तळ फोडला नाही, तर तो मुरमात कोरलेला हौद होतो. खड्डा एप्रिल-मेमध्ये घ्यावा, ऊन खाऊ द्यावे, तळाला पहारीने भेगा पाडाव्यात. भरायला माती कुठली हा पुढचा प्रश्न. 2017 नंतर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आणि महामार्गाच्या भरावासाठी तलाव खोल करण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ यांमुळे जिल्ह्यात गाळ उपसला गेला आणि बराचसा वावरांत पसरला. ट्रॉलीभर गाळ अंगणात आणणेही अवघड राहिले नाही. पण निव्वळ गाळ भरू नये. तो इतका बारीक असतो की वाळल्यावर त्याची वीट होते. एक भाग गाळ, एक भाग मुरमाड माती, एक भाग कुजलेले शेणखत हे मिश्रण बरे.

आणि घाटावरचे झाड कोणते, तर सीताफळ. याबद्दल मी पक्षपाती आहे आणि ते लपवत नाही. अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर ते आपले आपण वाढते, दसरा-दिवाळीला टोपल्या भरून बाजारात येते. मूळ अमेरिकेतले, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले आणि असे रुळले की त्याला सीतेचे नाव मिळाले. (जाम, पपई, चिकू, रामफळ, देवचाफा हीसुद्धा त्याच दिशेने आलेली. आपल्या ‘पारंपरिक’ परसातले निम्म्याहून अधिक पाहुणे आहेत.) सीताफळाचा मोठा गुण असा की उन्हाळ्यात ते पाने टाकून झोपते. ज्या महिन्यांत नळाला आठ-आठ दिवस पाणी नसते, नेमके त्याच महिन्यांत त्याला पाणी नको असते. बकरी त्याला तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाची गरज कमी.

तरीही पुष्कळ घरांतली तक्रार एकच: फुले येतात, फळे धरत नाहीत. कारण फुलाच्या रचनेत आहे. सीताफळाच्या फुलात स्त्री-भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याला उपयोगी पडत नाहीत. हे काम बारीक भुंगेरे करतात. हवा कोरडी असेल, भुंगेरे नसतील तर फुले गळतात. अंगणात दोन-तीनच झाडे असल्यावर संध्याकाळी उमललेल्या फुलांतले पराग कागदावर झटकून घ्यावेत आणि सकाळी अर्धवट मिटलेल्या ताज्या फुलांवर रंगाच्या मऊ ब्रशने लावावेत. पाऊस पडून हवा दमट झाल्यावर हे केले तर फरक दिसतो. वाणांत बाळानगर हा जुना भरवशाचा. बार्शीकडचा एनएमके-1 गोल्डन बाजारात गाजला. फळ मोठे, गर भरपूर, टिकते जास्त, पण पाणी आणि खतही तसेच मागते. चार झाडांच्या अंगणाला बाळानगर पुरे. एक सावधगिरी मात्र हवी. बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावायची रीत अजून खेड्यांत आहे. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. हे घरातल्या पोरीबाळींना सांगून ठेवावे.

आंब्याला घाटावर थोडे बरे दिवस असतात. केशर दोन्ही मजल्यांवर येतो, हापूसचा हट्ट धरू नये. जागा लहान असेल तर आम्रपाली: दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1971 मध्ये तयार झालेला, बुटका, दरवर्षी फळणारा. केशरला दहा मीटरचे अंतर पुस्तकात लिहिलेले असते. आम्रपाली अडीच मीटरवर लावतात. अंगणाच्या मापाचा आंबा म्हणतात तो हा. रायवळ कोय लावायला माझी ना नाही, पण ती नातवासाठी.

लिंबू प्रत्येकाला हवे असते आणि प्रत्येकाचे काही ना काही बिघडलेले असते. पानांवर-फळांवर खरबरीत ठिपके म्हणजे खैऱ्या, खोडातून डिंक म्हणजे डिंक्या. डिंक्याचे मूळ बहुधा आपल्याच हातात असते: आळे खोडाला चिकटवून केलेले आणि पाणी रोज खोडावर. खोडाभोवती मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर गोल आळे, एवढा बदल पुष्कळदा पुरतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीडीकेव्ही चक्रधर’ हा बिनकाट्यांचा, बिनबियांचा कागदी लिंबू दिला आहे. लहान मुले खेळतात त्या अंगणाला तो सोयीचा. विद्यापीठ इतक्या जवळ असून आपण लिंबाची रोपे बाजारच्या गाडीवरून घेतो, हे मला कधी उमगले नाही. लिंबाची आणि गोडनिंबाची पाने कुरतडणारी हिरवी अळी दिसली तर हाताने वेचावी, किंवा दोन पाने तिला द्यावीत. तिचेच पुढे फुलपाखरू होते.

शेवगा दारात लावू नये म्हणतात. शेवग्याची फांदी ठिसूळ, वाऱ्यात मोडून पडते, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे चढतात. अंगाला लागल्या की आग होते. समज बहुधा यातूनच आला असावा. तेव्हा दारात नको, मागच्या कोपऱ्यात हवाच. पीकेएम-1 हा तमिळनाडूतल्या पेरियकुलमचा वाण सात-आठ महिन्यांत शेंगा देतो. दरवर्षी कंबरेएवढा छाटावा, म्हणजे शेंगा हाताशी राहतात. त्याच्या शेजारी हादगा लावला तर भाद्रपदात भाजीला फुले मिळतात. हादगा चार-पाच वर्षांत संपतो. तोवर शेजारचे हळू वाढणारे झाड वर आलेले असते.

बोराचे झाड अंगणात कोणी ठेवत नाही, काट्यांमुळे आणि दगड मारणाऱ्या पोरांमुळे. पण गावरान बोरावर डोळा भरून घेतलेले उमराण वाणाचे झाड, एप्रिल-मेमध्ये सडकून छाटलेले, खाऱ्या आणि गोड्या दोन्ही जमिनीत फळते. तेव्हाच छाटायचे कारण असे, की बोर नव्या फांदीवर धरते. विलायती चिंचही याच कमी प्रतिष्ठेच्या पंक्तीतली. तिचे गुलाबी-पांढरे आकडे शाळेपुढे विकत घेऊन खाणारी पिढी आता घरे बांधते आणि अंगणात पाम लावते.

शोभेच्या झाडांत आपण फसलो आहोत ते इथेच. शेगावच्या आनंदसागरसारख्या मोठ्या बागेत जे दिसले ते घरी हवे वाटते. तिथे माळी, पाणी आणि जागा होती. घरी तिन्ही नसतात. रॉयल पाम आठ महिने पाणी मागतो आणि सावली देत नाही. उंच सुळक्यासारखा अशोक, जो खरा अशोक नव्हेच, भिंतीला लावला तर आडोसा होतो, एवढाच त्याचा उपयोग. कोनोकार्पसची लाट अलीकडची: वर्षभर हिरवा, झपाट्याने वाढणारा. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळे जमिनीखालच्या वाहिन्यांत शिरतात आणि परागांचा श्वसनाला त्रास होतो, ही त्यामागची कारणे. आपल्याकडे नव्या वसाहतींत तो अजून हौसेने लावतात.

गुलमोहर मादागास्करचा. मे महिन्यात त्याच्याकडे पाहून रागावणे अवघड, पण मुळे वरवर पसरतात आणि फांदी कमकुवत. वळवाच्या वाऱ्यात आपल्या रस्त्यांवर कोणती झाडे आडवी होतात ते पाहावे. मोकळ्या मैदानात गुलमोहर, अंगणात बहावा. बहाव्याला काळी माती चालते, मुरूम चालतो, पाणी थोडे चालते. चैत्र-वैशाखात पाने झडलेली असताना पिवळे घोस लोंबतात. बी कडक असते, गरम पाण्यात रात्रभर ठेवल्याशिवाय रुजत नाही, आणि पहिली दोन वर्षे झाड काहीच करत नाही असे वाटते. त्या काळात मुळे खाली जात असतात. कांचन, पारिजातक, शंकासुर ही लहान जागेची. बकुळ हळू वाढतो पण घाटाखालच्या उन्हातही गर्द राहतो. दक्षिण-पश्चिम कोपऱ्यात तो असला की दुपारची भिंत तापत नाही. कण्हेर दोन्ही प्रकारची सुंदर आणि दोन्ही प्रकारची विषारी. रांगते मूल असलेल्या घरी नको.

सोनचाफ्याबद्दल हळहळ वाटते. कोकणातून कलम आणतात, पहिल्या वर्षी फुले येतात, दुसऱ्या वर्षी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्या मातीतला चुना लोहाला अडवून धरतो. लोह जमिनीत असते, झाडाला मिळत नाही. फेरस सल्फेट फवारले की महिनाभर हिरवे होते, मग पुन्हा तेच. घाटावर, अर्ध्या सावलीत, भरपूर पालापाचोळा घातलेल्या ओट्यावर तो जगतो. घाटाखाली त्याचा नाद सोडावा. ताम्हण हे राज्यपुष्प, म्हणून सरकारी आवारांत लावले जाते. मूळचे ते ओढ्याकाठचे झाड, आपल्या मे महिन्यात त्याची परीक्षा पाहू नये.

आता पुन्हा गाडीकडे. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 चा कायदा आहे: फळझाडांची रोपे विकायला परवाना लागतो, मातृवृक्ष कोणता हे सांगावे लागते. रस्त्यावरच्या गाडीला हे लागू नाही असे मुळीच नाही, पण विचारतो कोण? पुष्कळ रोपे आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात. ती वाईट नसतात, पण पिशवीत तिकडची तांबडी चिकणमाती गच्च असते. तशीच उचलून काळ्या मातीत ठेवली तर दोन माती एकजीव होत नाहीत. काळी ओली राहते आणि आतला तांबडा गोळा कोरडा, किंवा उलट. पिशवी फाडल्यावर गोळ्याच्या कडा बोटांनी सैल कराव्यात, गुंडाळलेली मुळे मोकळी करावीत. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहू द्यावा आणि त्याच्या खालून आलेला फुटवा लगेच काढावा. हे न केल्यामुळे कित्येक घरांत केशर म्हणून रायवळ, आणि लिंबू म्हणून जंबेरी वाढते आहे.

नवलाच्या वाणांचे सांगायचे तर मियाझाकी हा मुळात फ्लोरिडातला अर्विन आंबा. जपानच्या मियाझाकी प्रांतात तो काचघरात वाढवतात, वजन आणि गोडी मोजून निवडतात, आणि किंमत त्या निवडीची असते. रोप घेतल्याने ती किंमत आपल्या अंगणात येत नाही. उन्हाळी सफरचंद एचआरएमएन-99 हे हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांचे. त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. थंडीची गरज कमी असलेला वाण आहे हे खरे, पण बिलासपूरचा उन्हाळा आणि नांदुऱ्याचा मे एक नव्हे. हौसेला एक झाड लावायला हरकत नाही. त्यासाठी जांभूळ काढू नये.

सरकारी मदतीची वाट अंगणापर्यंत येत नाही. राज्याच्या फळबाग योजनेला भाऊसाहेब फुंडकरांचे नाव आहे. ते खामगावचे, कृषिमंत्री असताना 2018 मध्ये गेले. योजना चांगली, पण कोकणाबाहेर किमान वीस गुंठे जमीन लागते. रोजगार हमीतून पाच गुंठ्यांपासून लागवड होते. त्याखालचे सगळे आपल्या खिशातून, आणि खरे सांगायचे तर अंगणातल्या झाडाला अनुदानापेक्षा दुसऱ्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये कोणीतरी घरी असणे जास्त लागते. पहिल्या उन्हाळ्यात सगळेच जपतात. दुसऱ्या उन्हाळ्यात लग्नसराईत पंधरा दिवस कुलूप लागते आणि झाड जाते. जाण्याआधी आळ्यात वीतभर जाडीचा पालापाचोळा, सोयाबीनचे कुटार किंवा उसाचे पाचट घालून ठेवावे, आणि मातीचे सच्छिद्र मडके बुडाशी पुरून भरावे.

भिंतीचे भान सगळ्यात शेवटी येते, खरे तर खड्ड्याआधी यावे. खोल काळी माती उन्हाळ्यात आकसते. मोठे झाड तिच्यातला ओलावा शोषून ती आणखी आकसवते, आणि घाटाखालच्या घरांच्या भिंतींना तिरप्या चिरा पडतात. वड, पिंपळ, उंबर अंगणात नकोतच. चिंच, जांभूळ, कडुनिंब घरापासून निदान पंचवीस-तीस फूट हवेत. नंतर तोडू म्हणणाऱ्यांनी कायदा पाहावा: नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 च्या कायद्याने परवानगी लागते, आणि 1964 च्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ आहेतच. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला. चंदनाची आणखी वेगळी कटकट: ते तोडायला आपल्याआधी दुसराच कोणी रात्री येतो.

आवळा लावायचा तर एक लावून भागत नाही. एकाच वाणाचे झाड स्वतःच्या परागावर नीट फळत नाही. जवळपास दुसऱ्या वाणाचे झाड लागते. चार गुंठ्यांच्या प्लॉटवर दोन आवळ्यांना जागा नसते. म्हणून आपण कृष्णा वाण लावला तर कुंपणापलीकडच्यांना कांचन वाणाचा आवळा लावायला सांगावे, आणि रोप आपणच आणून द्यावे.